रात्रीचा भुंकणारा खोकला आणि झूलाघरातला पहिला हिवाळा

इंदूरच्या सुदामा नगरातल्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगा वीस महिन्यांचा, वजन ११ किलो. दिवाळीनंतर झूलाघरात (म्हणजे पाळणाघरात) जायला लागला आणि तेव्हापासून त्याचं नाक सलग आठ दिवस कोरडं राहिलेलं नाही. त्यातच दोनदा, एकदा नोव्हेंबरात आणि एकदा नाताळच्या आठवड्यात, रात्री दीड-दोनला तो कुत्रं भुंकावं तसा खोकत उठला. श्वास आत घेताना घशातून आवाज येत होता. दुसऱ्या वेळी इमर्जन्सीतल्या डॉक्टरांनी ‘क्रूप’ असं नाव सांगून स्टेरॉइडचा एक डोस पाजला. सासूबाई म्हणतात, एवढ्याशा पोराला स्टेरॉइड दिलंच कसं? ते चुकलं का, पुन्हा असं होईल का, त्याची प्रतिकारशक्ती कमी आहे का, झूलाघर सोडू का, आणि संक्रांतीनंतरचं बोरन्हाण करू की पुढच्या वर्षावर टाकू, असे त्यांचे पाच प्रश्न.

स्टेरॉइडपासून सुरू करते, कारण बाकीचे प्रश्न तुम्ही विचारलेत आणि यावरून तुमच्या घरात रोज भांडण होतंय.

ताई, त्या रात्री तुमच्या मुलाला मिळालं तेच क्रूपवरचं खरं औषध. बहुधा डेक्सामेथासोन असेल, कोविडच्या दिवसांत ज्याचं नाव घरोघरी पोचलं तेच. मात्रा वजनावर ठरते, किलोमागे ०.१५ ते ०.६ मिलिग्रॅम, आणि बहुतेक मुलांना ती एकदाच पुरते. तोंडानं दिलेलं इंजेक्शनइतकंच काम करतं, म्हणून पोर गिळतंय तोवर त्याला सुई टोचून रडवण्यात मला अर्थ दिसत नाही. तास-दोन तासांत सूज उतरायला लागते आणि असर दीड-दोन दिवस टिकतो. क्रूपच्या वाईट रात्रीही साधारण तेवढ्याच असतात. मूल सगळं ओकून टाकत असेल तर ब्युडेसोनाइड हे दुसरं स्टेरॉइड नेब्युलायझरनं देता येतं.

सासूबाईंची भीती खोटी नाही. स्टेरॉइडनं तोंड सुजलेला, वाढ खुंटलेला कुणीतरी त्यांनी पाहिलेला असणार. पण ते महिनोन्‌महिने रोज घेतल्यावर होतं, एका डोसानं नाही. त्यांना माझं एवढं सांगा, आणि हेही सांगा की एका बाबतीत मी त्यांच्याच बाजूची आहे. डोस लागू पडला म्हणून त्या औषधाची चिठ्ठी जपून ठेवायची आणि दर खोकल्याला केमिस्टकडून आणून पाजायची, हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. गाल भोपळ्यासारखे झालेली अशी मुलं माझ्याकडे आली आहेत. प्रत्येक वेळी मूल तपासूनच डोस ठरायला हवा. घरात कुणाला कांजिण्या आल्या असतील, किंवा महिन्याभरात आधी एकदा स्टेरॉइड दिलेलं असेल, तर ते डॉक्टरांनी विचारायच्या आधी तुम्हीच सांगायचं.

आता हा आजार आहे तरी काय? आवाजाच्या पट्ट्यांच्या लगेच खाली श्वासनळीला कूर्चेचं एक पूर्ण कडं असतं. बाकी नळीची कडी मागून उघडी असतात, हे मात्र बांगडीसारखं चहूबाजूंनी बंद. साध्या सर्दीचा विषाणू, बहुतेक वेळा पॅराइन्फ्लुएन्झा, इथं पोचला की आतलं अस्तर सुजतं. बांगडी ताणली जात नाही, म्हणून सूज आतल्या बाजूला येते आणि वाट अरुंद करते. हिशेबापुरती तान्ह्याची नळी ४ मिलिमीटर व्यासाची धरा. चहूबाजूंनी १ मिलिमीटर सूज आली की २ मिलिमीटर उरते. क्षेत्रफळ चौथा हिस्सा होतं आणि हवेला होणारा अडथळा १६ पट. तुमची-माझी नळी ८ मिलिमीटरची धरली तर तेवढ्याच सुजेनं अडथळा जेमतेम तिप्पट होतो, म्हणून आपला नुसता आवाज बसतो आणि आपण कोमट पाणी पिऊन ऑफिसला जातो. मूल रडायला लागलं की हवा जोरात ओढली जाते, तिचा प्रवाह फाटतो आणि त्याच नळीतला अडथळा ३२ पटींपर्यंत जातो.

रडण्याचा हा आकडा लक्षात ठेवा. रात्रीच्या त्या अर्ध्या तासात तुमच्या हातात जे काही आहे, ते सगळं त्यातूनच निघतं.

मूल उठतं, त्याला श्वास घ्यायला जड जातं, ते घाबरून रडतं. सगळं घर जागं होतं. एक जण ट्यूबलाइट लावतो, दुसरा बाम शोधतो, आजोबा पाठीवर थापट्या मारतात, आजी चमच्यानं गरम पाणी घालायला बघते, बाप चपला शोधत गाडीच्या किल्लीवरून ओरडतो. पोर या सगळ्यांकडे बघून आणखी रडतं. मी घरच्यांना सांगते, एकच माणूस मुलाजवळ. ज्याच्याकडे ते एरवी चिकटतं तोच. मांडीवर उभं बसवा, पाठ तुमच्या छातीला टेकलेली. आडवं करू नका. मोठा दिवा बंद. रोजची जी काही बडबड असेल, चांदोमामा, काऊ-चिऊ, मोबाईलवरचं गाणंसुद्धा, ती चालू. एरवी मी मोबाईलच्या विरोधात आहे, त्या रात्री नाही. ते मागेल तर पाणी, दूध घोटाघोटानं द्या, जबरदस्ती नको. आणि काहीही झालं तरी चमचा घालून घसा पाहायचा नाही.

मग खिडकी उघडा, किंवा गोधडीत गुंडाळून गॅलरीत जा. हे ऐकून सासूबाई मला वेड्यात काढतील. पण मागची पिढी सांगायची की पोराला हॉस्पिटलात नेता नेता रस्त्यातच बरं वाटलं, त्यामागचं कारण हेच. थंड हवेनं सुजलेल्या अस्तरातल्या रक्तवाहिन्या आक्रसतात. जिनिव्हाच्या डॉक्टरांनी ११८ मुलांवर याची रीतसर चाचणी घेऊन २०२३ साली ती प्रसिद्ध केली. स्टेरॉइडचा डोस दिल्यावर निम्म्या मुलांना अर्धा तास १० अंशांखालच्या बाहेरच्या हवेत बसवलं, निम्म्यांना खोलीत. बाहेर बसलेल्यांना त्या अर्ध्या तासात जास्त आराम पडला. आपल्याकडे जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतोच. ‘शब-ए-मालवा’चं, म्हणजे माळव्यातल्या रात्रीचं कौतुक आपण उगाच करत नाही. दहा-पंधरा मिनिटं पुरे. डोकं, कान, पाय झाकलेले, फक्त नाक-तोंड हवेला. थंड हवेनं औषधाला हातभार लागतो, औषधाचं काम ती करत नाही. आणि मुलाला बाईकच्या टाकीवर बसवून राजवाड्यापर्यंत चक्कर मारून आणणं म्हणजे थंड हवा देणं नव्हे. हसू नका, असे बाप मला भेटलेत.

गरम पाण्याच्या वाफेचं काय? आम्ही शिकत होतो तेव्हा क्रूपच्या मुलांना वाफेच्या तंबूत ठेवण्याची पद्धत पुस्तकांत होती. पुढे नीट तपासलं तेव्हा फायदा दिसला नाही. पातेलं सांडून भाजलेली मुलं मात्र दिसली, आणि ती जन्मभर लक्षात राहतात.

हॉस्पिटलात कधी न्यायचं, ते कान आणि डोळे दोन्ही वापरून ठरवा. नुसता भुंकणारा खोकला, बसलेला आवाज, पण शांत असताना श्वास बिनआवाजाचा, खेळतंय, पितंय, तर सकाळपर्यंत थांबता येतं. सकाळी दाखवा मात्र. रडताना किंवा धावताना श्वास आत घेताना ‘हीं’ असा आवाज येतोय, पण मांडीवर गप्प बसलं की थांबतो, तर त्याच रात्री डॉक्टरांना फोन करा. शांत बसलेलं असतानाही तो आवाज येतोय, तर निघा. बंडी वर करून पाहा. प्रत्येक श्वासाला गळ्याच्या खालचा खळगा आणि बरगड्यांखालचं पोट आत ओढलं जातंय का? आपल्याकडे ज्याला ‘पसली चालणं’ म्हणतात ते हेच. (पसली चालते म्हणून पोटावर डाग दिलेली बाळं आजही आदिवासी पट्ट्यातून येतात. ते व्रण पाहिले की त्या दिवशी जेवण जात नाही.) ओठ निळसर, लाळ गळतेय कारण गिळता येत नाही, मूल मलूल पडलंय, पाणीही घेत नाही, यातलं काहीही दिसलं तर गाडी काढा, नाहीतर १०८ लावा. आणखी एक फसवी खूण: आवाज आधी मोठा होता आणि आता कमी झालाय, पण मूल थकून डोळे मिटतंय. तो आराम नाही. हवा आत जायचीच कमी झालीय.

घरातल्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. क्रूपमध्ये ऑक्सिजन शेवटी उतरतो, त्याच्या कितीतरी आधी मूल दमलेलं असतं. शिवाय मोठ्यांच्या बोटाचं ते यंत्र चिमुकल्या बोटावर नीट बसतही नाही.

दोन कामं आजच, दिवसाउजेडी करून ठेवा. रात्री बालरोगतज्ज्ञ हजर असतो आणि ऑक्सिजन असतो असं घराजवळचं ठिकाण कोणतं, ते विचारून नक्की करा. सरकारी सोय हवी असेल तर एमवाय हॉस्पिटलच्या आवारातलं चाचा नेहरू बाल चिकित्सालय मुलांचंच आहे. आणि पुन्हा असा प्रसंग आला तर मोबाईलवर तीसेक सेकंदांचा व्हिडिओ घ्या, बंडी वर केलेली, आवाजासकट. क्रूपचं मूल सकाळी अकराला ओपीडीत हसत येतं आणि टेबलावरची माझी पेनं पळवतं. आईचं वर्णन ऐकून मी अंदाज बांधू शकते, पण तो व्हिडिओ तपासणीइतकाच बोलतो. दिवसा बरं दिसतंय म्हणून दुसऱ्या रात्री गाफील राहू नका. पहिल्या दोन-तीन रात्री त्रास परतून येतो, मग साधी सर्दी उरते आणि आठवड्याभरात तीही जाते.

इमर्जन्सीत कधी कधी ॲड्रिनॅलिनची वाफ देतात. दहा-वीस मिनिटांत चमत्कार झाल्यासारखं वाटतं, पण असर दोनेक तासांत उतरतो. म्हणून नंतर तीन-चार तास थांबवून ठेवतात. “बरा झाला की, सोडत का नाहीत” म्हणून भांडू नका. घरच्या नेब्युलायझरमधलं साल्ब्युटामॉल मात्र इथं कामाचं नाही. ते खालच्या बारीक नळ्या उघडतं. दम्यात श्वास सोडताना शिट्टी वाजते, क्रूपमध्ये श्वास घेताना आवाज येतो, एवढा फरक कानाला लावून घ्या. ॲण्टिबायोटिकही नको, कारण आजार विषाणूचा. एक्स-रेचीही बहुधा गरज नसते.

नावांचा एक घोळ इथंच सोडवते. हिंदीत ‘कुकर खांसी’ म्हणतात तो आपला डांग्या खोकला. त्यात आठवडेच्या आठवडे खोकल्याची उबळ येते, मूल लालबुंद होतं, शेवटी हूप असा श्वास ओढतं, कधी उलटी होते. कुत्र्यासारखा आवाज मात्र क्रूपचा. नावात कुकर, म्हणजे कुत्रा, असल्यामुळे आपल्या इंदूरच्या घरांत दोन्हींची हमखास गल्लत होते. डांग्या खोकल्याची लस तुमच्या मुलाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना मिळालेली असणार. दीड वर्षाचा बूस्टर झालाय का, ते कार्ड काढून बघा. त्याच लशीत घटसर्पावरची लसही येते. घटसर्पातही आवाज बसतो आणि घसा आवळतो, आणि तो आपल्या देशातून गेलेला नाही. पेंटाव्हॅलंट या पाच-एक लशीत हिब नावाच्या जिवाणूवरची जी लस असते तिनं आणखी एक भयंकर दुखणं जवळपास दिसेनासं केलंय. स्वरयंत्रावरची झडप सुजायची, मूल पुढे वाकून लाळ गाळत बसायचं आणि काही तासांत वाट बंद व्हायची. लसीकरणाचं कार्ड हे क्रूपच्या रात्री डॉक्टरांच्या हातात ठेवायचं पहिलं कागदपत्र आहे, आधार कार्ड नव्हे.

पुन्हा होईल का? होऊ शकतं. सहा महिने ते तीन वर्षं हा त्याचा मुख्य काळ, पुढे नळी रुंदावते आणि तीच सूज मावून जाते. एका हिवाळ्यात दोनदा, मध्ये आवाज पूर्ण साफ, वजन वाढतंय, तर मी काळजी करत नाही. काही मुलांना ताप-सर्दी विशेष नसताना रात्री अचानक तसं होतं आणि सकाळी गायब. अशा घरांत बहुधा कुणाला तरी ॲलर्जी किंवा दमा असतो. वर्षात तिसरी-चौथी वेळ आली, मधल्या दिवसांतही श्वासाचा आवाज राहिला, सहा महिन्यांच्या आत पहिली वेळ आली, किंवा जन्मल्यावर नळी टाकून व्हेंटिलेटरवर ठेवलेलं मूल असेल, तर नाक-कान-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीनं नळी बघून घ्यावी.

आता सर्दी. इथं मी तुम्हाला फक्त गणित देते. या वयात वर्षाला सहा-आठ सर्द्या सामान्य, झूलाघरातल्या मुलाला दहा-बारा. एक सर्दी दहा ते चौदा दिवस चालते, खोकला तर कधी तीन आठवडे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या १२० दिवसांत सहा सर्द्या आल्या तर साठ ते चौऱ्याऐंशी दिवस नाक वाहणार. म्हणजे हिवाळ्याचे निम्मे किंवा त्याहूनही जास्त दिवस, आणि तरीही मूल नॉर्मल. दोनशेच्या वर विषाणू सर्दी करतात. तुमच्या मुलाला आधी ते भेटलेच नव्हते, आता एकेकाची ओळख होतेय. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे जंतू वाढले असंही नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी तो तसाच होतो.

प्रतिकारशक्तीची शंका मला कधी येते? वर्षात दोनदा न्यूमोनिया, चारदा कान फुटणं, पुन्हापुन्हा गळवं, वर्षानंतरही तोंडात पांढरा फंगस, किंवा वजनाची रेघ आडवी होणं. यातलं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. म्हणून प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या बाटल्यांवर खर्च करू नका. त्यापेक्षा मूल दिवसाला किती दूध पितं ते मोजा. आपल्याकडची कितीतरी मुलं लिटरभर दुधावर असतात, पोळी-भाजीला तोंड लावत नाहीत आणि लोह कमी पडून पांढरीफटक होतात. अर्ध्या लिटरच्या खाली आणा, बाटली सोडवा. केळं आणि दही मात्र चालू ठेवा, त्यांनी सर्दी होत नाही. हे वाक्य मी तीस वर्षं बोलतेय आणि इंदूरच्या एकाही आजीनं ते ऐकलेलं नाही.

नाक बंद असेल तर मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाइनचे थेंब, जेवण्याआधी आणि झोपण्याआधी. नाकात तेल किंवा तूप अजिबात नको. ते हळूच फुप्फुसात उतरतं आणि तिथं जो न्यूमोनिया होतो तो औषधानं हटत नाही. कापूर घालून तापवलेलं तेल छातीला चोळतात, तेही बंद. कापूर त्वचेतून आणि श्वासातून शरीरात जातो आणि लहान मुलांना त्यानं फिट येऊ शकते. नुसतं कोमट तेल चोळा, मुलाला आवडतं आणि आजीलाही काहीतरी केल्यासारखं वाटतं. ओव्याची पुरचुंडी शेकायला हरकत नाही, आधी आपल्या गालाला लावून बघा. पण निखाऱ्यावर ओवा-लसूण टाकून धुरी, बंद खोलीत शेगडी, डासांची अगरबत्ती, बापाची बाल्कनीतली सिगारेट, हे सगळं त्याच अरुंद नळीत जातं. खोकल्यावर वर्षावरच्या मुलाला झोपताना अर्धा चमचा मध. वर्षाच्या आतल्याला मध नाही, बोटाला लावूनसुद्धा नाही.

खोकल्याचं सिरप देऊ नका. छिंदवाड्यात २०२५ साली काय झालं ते आपल्याच राज्यातलं आहे. सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल निघालं, मूत्रपिंडं निकामी होऊन वीसहून जास्त लहान मुलं गेली. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्यानं पुन्हा बजावलं की दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखालीही सहसा नकोत. त्याआधी २०२३ च्या डिसेंबरात क्लोरफेनिरामिन-फिनाइलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखाली नको, असं लेबलवर छापायचा आदेश निघाला होता. आणि विषारी नसलेलं सिरपही या वयात खोकला थांबवत नाही, मग धोका घ्यायचा कशाला?

तापावर पॅरासिटामॉल ठीक, पण बाटली बघून. किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या ११ किलोच्या मुलाला साधारण १६५ मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तासांचं अंतर. ड्रॉप्सच्या एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतं, तर तेच औषध एका सिरपच्या पाच मिलिलिटरमध्ये १२५ आणि दुसऱ्याच्या पाचमध्ये २५०. म्हणजे एकाच मुलाला एका बाटलीतून १.६ मिलिलिटर, दुसरीतून ६.६, तिसरीतून ३.३. “पाच एमएल दिलं” असं फोनवर सांगणाऱ्या आईला मी आधी बाटलीचा फोटो पाठवायला लावते. घरात एकाच ताकदीची बाटली ठेवा आणि तिच्यावर मार्करनं मात्रा लिहून टाका.

झूलाघर सोडू नका, जर तुमची नोकरी त्यावर असेल तर. लवकर झूलाघरात गेलेल्या मुलांच्या वाट्याच्या सर्द्या लवकर येतात आणि शाळेत गेल्यावर ती इतरांपेक्षा कमी आजारी पडतात, हे मुलांचा वर्षानुवर्षं माग ठेवलेल्या अभ्यासांत दिसलंय. फक्त बाईंना विचारा: एका खोलीत किती मुलं, खिडकी उघडते का, नाक पुसल्यावर हात धुतात का, की एकाच नॅपकिननं सगळ्यांची नाकं. ताप उतरून २४ तास होईपर्यंत मूल घरी, आणि इतरांनीही तेच पाळावं असा आग्रह धरा. फ्लूची लस अजून दिली नसेल तर घ्या. पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस, पुढे दरवर्षी एक, शक्यतो पावसाळ्याआधी, कारण आपल्याकडे फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते. पॅराइन्फ्लुएन्झावर लस नाही. घरी सर्दी झालेल्या मोठ्या माणसानं मुलाचे मुके घेऊ नयेत. लग्नाच्या हॉलमध्ये प्रत्येक मावशीला गाल ओढू द्यायचाच, असाही काही नियम नाही.

राहिलं बोरन्हाण. सर्दी आहे म्हणून पुढच्या वर्षावर ढकलू नका, रथसप्तमीपर्यंत वेळ असतो, एखादा बरा दिवस मिळेलच. माझी काळजी वेगळी आहे. काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत बावीस महिन्यांची एक मुलगी माझ्याकडे आली. दोन आठवडे खोकला, दोन ठिकाणी दाखवून झालेलं, एकदा क्रूप म्हणून, एकदा दमा म्हणून उपचार, नेब्युलायझरही चालू. ताप नव्हता, सर्दी नव्हती. उजव्या बाजूला हवा कमी ऐकू येत होती. आईला विचारलं, खोकला सुरू कधी झाला, बरोबर कोणत्या दिवशी? ती विचार करून म्हणाली, “बोरन्हाणाच्या संध्याकाळी. खेळता खेळता ठसका लागला, लाल झाली, मग ठीक झाली.” दुर्बिणीतून उजव्या नळीतून शेंगदाण्याचं अर्धुक निघालं. तिला दाढा आल्या नव्हत्या. पुढच्या दातांनी शेंगदाणा फुटतो, बारीक होत नाही.

म्हणून सर्दी-ताप नसताना, खाताना किंवा खेळताना ठसका लागून अचानक सुरू झालेला खोकला कधीही क्रूप समजून घरी थांबवायचा नाही, मग ठसका येऊन गेला असला तरी. प्रत्यक्ष घुसमटताना मूल जोरात खोकतंय तोवर खोकू द्या. आवाजच बंद झाला तर वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून दोन्ही खवाट्यांच्या मध्ये पाच थापा, मग मागून बेंबीच्या वर पाच दाब, आणि दुसऱ्या कुणीतरी १०८ लावायचा. न दिसणाऱ्या वस्तूसाठी तोंडात बोट फिरवू नका, ती आणखी आत जाते.

तर बोरन्हाण करा, पण डोक्यावर ओतायच्या परातीत शेंगदाणे, हरभरे, सुटी बोरं, रेवड्या, हलवा आणि त्या रंगीत चॉकलेटच्या गोळ्या ठेवू नका. चुरमुरे, झेंडूच्या पाकळ्या आणि बत्ताशे भरपूर घ्या. न सोललेल्या उसाची लांब कांडी शोभेला ठेवा. बोरं हवीतच असतील तर ती आजीच्या ओटीत जाऊ द्या. हलव्याचे दागिने फोटो झाल्यावर लगेच उतरवा, धागा तुटला की दाणे थेट तोंडात जातात. जमलेल्या मोठ्या पोरांना खाऊ घरी न्यायला पुडीत बांधून द्या, तिथं सांडायला नको. आणि सगळे गेल्यावर सतरंजी झटका, दिवाण सरकवा आणि गुडघ्यावर बसून मुलाच्या उंचीवरून एकदा खोली बघा. मोठ्यांची नजर तिथं जात नाही, पण पाटाखाली घरंगळलेला हरभरा त्याला सगळ्यात आधी दिसतो.